सात रुपयांचं मुठेल

अलोरे,
८ सप्टेंबर २०२५

वहिनी, नमस्कार.

तुझ्या जूनमधल्या पत्राला उत्तर द्यायला सप्टेंबर उजाडला, त्याबद्दल आधी माफी मागते. गणपतीलाही बुरोंडीला आले नाही. दादाला फोनवर सांगितलं की यांना पोफळीला ड्युटी बदलून मिळाली नाही. ते खरंच आहे. पण मी एकटी एसटीने येऊ शकले असते, हेही तितकंच खरं. तू फोनवर बोलत नाहीस, पत्र लिहितेस, आणि पत्राचं उत्तर टाळणं सोपं असतं. ते सोपं पडलं म्हणून मी टाळत राहिले.

आमच्या महिला मंडळाची दिवाळीची मागणी गेल्या वर्षीइतकीच धरू का, असं तू विचारलं होतंस. हो, शहाण्णव मुठेलं.

एक गोष्ट कळवायची आहे. आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाचं भित्तिपत्रक यंदा माझ्याकडे आहे. त्यात मी एक तक्ता लिहिला: घरी केलेलं किती रुपयांना पडतं आणि दुकानातलं किती. चिपळूणहून सामान आणून, वजन करून सगळं स्वतः करून पाहिलं. भांड्यांची पावडर घरी किलोला एकतीस, दुकानात अठ्ठावन्न. उटणं शंभर ग्रॅमला घरी बेचाळीस, दुकानात पासष्ट. अंगाचा साबण मात्र घरी एकोणसत्तरला पडला आणि दुकानात अडतीसला मिळतो. तेही लपवलं नाही, तसंच लिहिलं. चौथं मुठेल. ते काही मी करून पाहिलं नाही, आपल्याकडचं माहीतच आहे म्हणून आठवणीनेच मांडलं. घाटावरून बदलून आलेल्या बायकांना मुठेल ठाऊक नसतं, म्हणून खाली दोन ओळी लिहिल्या की कोकमाच्या बिया फोडायच्या, कुटायच्या, उकळायच्या, वर येणारं तेल थिजवून मुठीत गोळा वळायचा आणि थंडीत टाचांना, ओठांना लावायचा. हिशेब असा केला: बिया घरच्या, शून्य. मेहनत घरची, शून्य. जळण आणि गुंडाळायचा कागद मिळून साठ गोळ्यांना चारशे रुपये. म्हणजे एक मुठेल सात रुपयांना. दुकानातल्या मलमाची डबी साठ रुपयांना.

तक्ता सगळ्यांना आवडला; त्याची नक्कल सोबत ठेवली आहे. पण त्यावरून मंडळात बोलणं निघालं की सातला पडणारी वस्तू कमळावहिनी आपल्याला ऐंशीला देतात. शेवटी पंचेचाळीस हा दर योग्य, असं ठरलं. तुला त्यातही भरपूर सुटतील, म्हणून मी हो म्हटलं आहे.

दादाला नमस्कार. ऋतिकाला आशीर्वाद.

मैना

&nbsp;

बुरोंडी,
१५ सप्टेंबर

वन्सं, नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचा तक्ताही वाचला. अक्षर नेहमीसारखं सुंदर आहे.

पंचेचाळीसला देणार नाही. ऐंशीच. तुम्ही माझ्या वतीने हो म्हटलंत ते कुणाला विचारून?

बिया शून्य असं लिहिलंय तुम्ही. बुरोंडीत कोणाच्या दारात बिया शून्याला पडल्यात ते मला दाखवा. आपली कोकमाची झाडं दोन, त्यातलं एक वादळात गेलं. ज्या घरांत आमसुलं करतात, त्या घरी मी उन्हाळ्यात पाटी घेऊन जाते. त्यांनी बिया वाळवून, राखेत घोळून ठेवलेल्या असतात. पायलीभर बिया दिल्या की त्या घरी एक मुठेल परत जातं. पैसे कोणी मागत नाही, पण मुठेल पोचलं नाही तर पुढच्या वर्षी ती बाई दारातून आत घेत नाही. हे तुमच्या माहेरचं आहे, माझ्या नाही. मी लग्न होऊन आल्यावर शिकले. तुम्ही इथे जन्मलात आणि विसरलात.

बारा पायलीचा एक घाणा. साठ गोळे उतरतात. बारा परत जातात. हाताशी उरतात अठ्ठेचाळीस. त्याला माझे आठ दिवस लागतात, फोडण्यापासून वळण्यापर्यंत. तुमच्या शहाण्णवांना सोळा. ते सोळा दिवस तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहेत, ते मी दोनदा शोधलं. सापडले नाहीत. कागद आणि काटक्या सापडल्या.

ऋतिकाच्या नर्सिंगच्या वसतिगृहाचे साडेसात हजार एकतीस ऑक्टोबरच्या आत भरायचे आहेत. तिच्या बाबांचा गुडघा गेल्यापासून ते बोटीवर जात नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. हे पैसे तुमच्या मंडळाच्या मागणीवर धरलेले आहेत आणि मुठेलं मे महिन्यातच करून डब्यात भरून ठेवलेली आहेत. तेव्हा दर काय, ते मंडळाला नीट सांगा.

कमळा

&nbsp;

अलोरे,
२१ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी राग आला, मग वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला. तो उतरायची वाट पाहिली तर पुन्हा तीन महिने जातील, म्हणून आजच लिहिते.

हिशेब हा हिशेब असतो. घरच्या कामाला रोज लावायचा तर मग भाकरीलाही लाव, केर काढण्यालाही लाव. मग जगात घरचं असं काही स्वस्त उरतच नाही. आईने जन्मभर मुठेलं केली, तिने कधी दिवस मोजले नाहीत. आणि मी काही विसरलेली नाही. मीही तिच्या शेजारी बसून बिया फोडल्यात.

आता बोलतेच आहे तर पुढचंही बोलते. दोन वर्षांपूर्वी हेच मुठेल तू पन्नासला देत होतीस. दादा घरी बसला आणि ते ऐंशी झालं. तुझी अडचण मी समजू शकते, पण अडचणीचा भार मालाच्या दरात घालणं मला पटत नाही. आणि हे मुठेल आईचं आहे. तिच्या हातची कृती, तिची माणसं, तिची घरं. ते तू विकतेस. आम्ही बहिणींनी त्यात कधी वाटा मागितला का?

आठ दिवस लागतात यावर माझा विश्वास बसत नाही. मी स्वतः करून बघते. दोन पायली बिया पाठव. त्याचे पैसे देईन. मग आपण आकड्यांवर बोलू.

मैना

&nbsp;

बुरोंडी,
२६ सप्टेंबर

वन्सं,

दापोलीहून चिपळूणला येणाऱ्या सकाळच्या गाडीत पिशवी दिली आहे. दोन पायली आहेत, मापून घ्या. हा तुमचा वाटा.

पैसे नकोत. रिवाज तुम्हाला आता माहीत आहे. दोन पायलीची दोन मुठेलं परत पाठवा.

तुम्ही सासूबाईंशेजारी बसून बिया फोडल्यात हे मी ऐकून आहे. एका सुट्टीत फोडल्यात, अंगठ्याला दगड लागला, आणि चिंधी बांधून आठ दिवस गावभर मिरवलंत. हे मला तुमच्या दादानेच सांगितलंय, लग्नाच्या पहिल्या वर्षी. सासूबाईंनी दिवस मोजले नाहीत, कारण त्या विकत नव्हत्या. लेकींना वाटत होत्या. वर्षाला बारा तुमच्याकडेच यायची. त्यांच्यामागे मीही पाठवत आले, पंधरा वर्षं. त्याचा दर तुम्ही कधी विचारला नाहीत.

पन्नासची ऐंशी का झाली ते ऐका. पन्नास असताना मी तोट्यात होते आणि ते मला कळत नव्हतं. घरात तुमच्या दादाचा पगार येत होता तोवर कळायचं कारणही नव्हतं. ते घरी बसले आणि मी पहिल्यांदा मोजलं.

काशीचा फोन आला होता. तुमच्याच कॉलनीतली, आमच्या दाभोळकडची काशी. मी फोनवर बोलत नाही, पण तिचं ऐकून घेते. तिने सांगितलं की मंडळात पंचेचाळीसचा आकडा कोणी काढलाच नव्हता. मथुराताई ऐंशीच चालू ठेवा म्हणत होत्या. तुम्ही उभं राहून म्हणालात, “माझी वहिनी आहे, मी सांगते तिला, पंचेचाळीसला देईल.”

तुमच्या पत्रात मात्र "ठरलं" असं लिहिलंय. कोणी ठरवलं ते लिहिलं नाहीत.

कमळा

&nbsp;

अलोरे,
६ ऑक्टोबर

वहिनी,

काशीने सांगितलं ते खरं आहे. आकडा मी काढला. त्या वेळी माझ्या मनात काय होतं हे चार दिवस तपासत होते. तुझं वाईट करावं असं नव्हतं. पण माझा तक्ता सगळे वाखाणत होते, आणि माझ्याच घरची वस्तू त्या तक्त्यात बसत नाही असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा मला लाज वाटली. ती झाकायला मी तुझा दर कापला. पत्रात "ठरलं" असं लिहिलं ते मुद्दाम लिहिलं. लिहिताना पेन थांबलं होतं, तरी लिहिलं.

आता बियांबद्दल. मी पाट्यावर दगडाने फोडायला बसले. पहिल्या तासात वाटीभर गरही निघाला नाही. अर्ध्या बिया दगडाखालून उडून कपाटामागे गेल्या, उरलेल्यांचा टरफलासकट चुरा झाला. तुझी बी टरफलातून सुटते आणि गर अख्खा राहतो, ते कसं, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. कुटायला मिक्सर वापरला. त्याची मोटर जळाली. मग शेजारून खलबत्ता आणला. उकळायला ठेवलं आणि तेल कधी काढायचं ते कळेना, लवकर काढलं तर पाणी येतं, उशीर झाला तर खाली लागतं. माझं खाली लागलं. तीन दिवस गेले. दोन पायलीचे दहा व्हायला हवेत, माझे पाच झाले, त्यातले दोन वेडेवाकडे. हे स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून म्हणाले, "दुकानात साठला मिळतं ना?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग पुन्हा तक्ता मांडला. आमच्याकडे भातकापणीला बाईला चारशे रुपये रोज आहे. तुझ्या हाताला त्याहून जास्त धरायला हवा होता, पण किती, हे मला ठरवता येईना, म्हणून चारशेच धरला. आठ दिवसांचे बत्तीसशे. जळण आणि कागद चारशे. एकूण छत्तीसशे. परत जाणारी बारा वजा करून अठ्ठेचाळीस. एक मुठेल पंचाहत्तर रुपयांना पडतं. तू ऐंशीला देतेस. तुला पाच रुपये सुटतात, आणि मी लोकांना सांगितलं की त्र्याहत्तर सुटतात.

आता अडचण अशी आहे. सातचा आकडा भिंतीवर राहिला तर ते खोटं आहे. पंचाहत्तर लिहिलं तर खरं होईल, पण शेजारच्या रकान्यात साठ आहे. म्हणजे दुकानातली डबी घ्या, असंच माझा तक्ता सांगणार. दोन्हीकडून नुकसान तुझंच. मी काय लिहू ते तू सांग. तू म्हणशील तसं करीन.

दोन मुठेलं पाठवते आहे. त्यातल्या त्यात बरी निवडली.

मैना

&nbsp;

बुरोंडी,
१२ ऑक्टोबर

वन्सं,

तुमची दोन मुठेलं मिळाली. एक करपलेलं आहे. दुसऱ्यात पाणी राहिलंय, पंधरा दिवसांत खवट होईल. बिया रामाच्या आईच्या होत्या. तिच्या घरी मी माझ्यातली दोन चांगली नेऊन दिली. तुमची गाईच्या खुरांना लावली.

काय लिहू ते मीच सांगायचं. म्हणजे चूक तुमची आणि तिचा निकाल मी लावायचा. हे बरं आहे. कॉलेजात शिकलेल्या माणसाला प्रश्न नीट मांडता येतात, एवढं मला कळलं.

आणखी एक तुम्ही लिहिलं नाहीत. चार तारखेला मंडळाची बैठक झाली आणि ऐंशी महाग म्हणून माझी मागणी रद्द झाली, हेही काशीकडूनच कळलं. दिवाळीला साठच्या डब्या वाटायचं ठरलं. तुम्ही त्या बैठकीत होतात, आणि सहा तारखेला मला मिक्सरची मोटर जळाल्याचं कळवता. माझ्या पत्रात मी काही लपवलेलं आहे का, ते तुम्ही शोधून पाहा.

ऋतिकाला मी सांगितलं. ती म्हणाली, वसतिगृह सोडते, अलोऱ्याला आत्याकडे राहून रोज चिपळूणला जाते-येते. मी नाही म्हटलं. तुमच्या घरी ती राहील, तुम्ही तिचं प्रेमाने कराल, ते मला माहीत आहे. पण त्याचीही तुम्ही एक दिवस शून्य किंमत लावाल, नाहीतर फार मोठी लावाल. मधलं तुम्हाला जमत नाही.

तेव्हा मी सांगते तसं करा. शहाण्णव मुठेलं चौदा तारखेच्या गाडीने येतील. ती तुम्ही विका. मंडळात नाही. तुमच्या तक्त्याला ज्यांनी माना डोलावल्या, त्यांच्या घरोघरी जाऊन, दारात उभं राहून. दर ऐंशी. तक्त्यात पंचाहत्तर लिहा आणि साठही राहू द्या. कोणी विचारलं तर दुकानातलं स्वस्त आहे म्हणून सांगा. माझं मुठेल मला कोणाला फसवून खपवायचं नाही, आणि दयेनेही नाही.

तुमच्या पाकिटातले पैसे घालून शहाण्णव संपली म्हणून कळवू नका. काशी तिथे आहे, मला कळेल. उरतील ती परत पाठवा.

कमळा

&nbsp;

अलोरे,
१७ ऑक्टोबर

वहिनी,

बैठकीचं लिहिलं नाही, कारण तुझ्या पुढच्या पत्राला मी घाबरत होते. दुसरं कारण शोधलं, मिळालं नाही.

डबा परवा मिळाला. पहिल्यांदा मनात आलं तेच सांगते: बँकेतून साडेसात हजार काढावेत आणि मुठेलं वर्षभर कपाटात ठेवून द्यावीत. यांनीही तेच सुचवलं, वर म्हणाले की एवढ्यात मिटत असेल तर स्वस्तच आहे. तू पाकिटाचं लिहिलं नसतंस तर मी ते केलं असतं, आणि वर स्वतःला मोठ्या मनाची समजले असते.

काल सकाळी तक्ता बदलला. सात खोडून पंचाहत्तर लिहिलं, आणि आधीचा आकडा कोणाच्या चुकीने पडला होता तेही खाली माझ्या नावाने लिहिलं. मथुराताई बघत उभ्या होत्या. म्हणाल्या की खोडाखोड करण्यापेक्षा नवा कागद लावायचा, भिंत वाईट दिसते. मी म्हटलं, दिसू दे.

मग पिशवीत वीस घेऊन निघाले. सकाळचे अकरा. पहिल्या दारात उभी राहिले आणि पहिलं वाक्यच सुचेना. इतकी वर्षं या घरांतून मी वर्गणी मागितली, हळदीकुंकवाची बोलावणी केली. विकायला म्हणून कधी उंबऱ्याशी उभी राहिले नव्हते. त्या बाईंनी आत या म्हटलं, मी नको म्हटलं. आत गेले असते तर चहा झाला असता, आणि मग त्यांना नाही म्हणता आलं नसतं. तुला दया नको होती.

दुसऱ्या दारात घाटावरच्या एक बाई आहेत, त्यांनीच माझ्या तक्त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला होता. त्या हसल्या. "काय हो मैनाताई, सातचं ऐंशी कधी झालं?"

मी म्हटलं, "सात कधीच नव्हतं. मी चुकले होते."

"मग डबी बरी ना, साठची?"

मी म्हटलं, "हो, वीस रुपयांनी स्वस्त आहे." त्यांना पुढे काहीतरी ऐकायचं होतं. मी खाली पिशवीकडे बघत राहिले. त्यांनी दार लावलं.

पुढच्या पाच घरांत असंच. एकीने विचारलं की कमळावहिनींनी तुम्हाला किती कमिशन दिलंय. एकीने ऐंशी रुपये पुढे केले, म्हणाली, दिवाळी आहे, तुमच्या भाचीला खाऊ समजा. ते मी घेतले नाहीत. मुठेल घ्यायचं असेल तर घ्या म्हटलं, तर म्हणाली, मुठेल नको, वास येतो. काल दुपारपर्यंत एकही गेलं नाही. मला तुझा संताप आला. हे लिहिते आहे, कारण न लिहिणं आता पुरे झालं. दारोदार पाठवून तू मला शिक्षा देते आहेस, असं वाटलं. ती आहेच, आणि ती द्यायचा तुला हक्क आहे, हे कळूनही संताप कमी झाला नाही.

संध्याकाळी काशीकडे गेले. तिने दोन घेतली. पैसे मोजून हातावर ठेवले आणि म्हणाली, "दया नाही हां गो. टाचा फुटल्यात माझ्या. आणि कमळीला सांगणार आहे, तू दारात कशी उभी होतीस ती."

"कशी?" मी विचारलं.

"वाईट," ती म्हणाली. "विकणाऱ्या बाईने असं खाली बघायचं नसतं."

आज वर बघून गेले. एका घरी सांगितलं की एक गोळा करायला काय काय लागतं, रामाच्या आईच्या राखेतल्या बियांपासून. माझा मिक्सर कसा जळाला तेही सांगितलं. साठची डबी स्वस्त आहे हे पुन्हा सांगितलं. त्या घरातल्या सूनबाईंनी दोन घेतली, आणि एका निवृत्त ऑपरेटरच्या बायकोने एक. बाकी नऊ घरांत नाही.

म्हणजे पाच गेली, एक्क्याण्णव उरली. सोबत चारशे रुपये मनीऑर्डरने पाठवते आहे. एकतीस तारखेपर्यंत सगळी जातील असं मी लिहू शकत नाही. कॉलनीत आता अर्धे क्वार्टर रिकामे आहेत. माझ्या हिशेबाने फार तर चाळीस जातील, आणि माझे हिशेब कसे असतात ते तुला माहीत आहे. उरतील ती परत पाठवीन. ऋतिकाबद्दल तू जे लिहिलंस त्याला मला उत्तर देता आलं नाही. देणारही नाही.

उद्या: सकाळी दहाला, सी टाइपची खालची ओळ, एकवीस नंबरपासून.

मैना